साहेबांच्या बंगल्यावर जाण्याआधी

चि. पोरा, अनेक आशीर्वाद.

साहेबांची भाषणं लिहायला लागलास, हे तुझ्या आईकडून कळलं. आनंद झाला, धास्तीही वाटली. म्हणून अब्दुल रहीम खानखानाबद्दल लिहितोय. त्याचे दोहे तुला पाठ आहेत. पण तो कित्येक वर्षं बुऱ्हाणपुरात, म्हणजे आपल्या खानदेशच्या जुन्या राजधानीत मोगलांचा कारभार बघत होता, हे शाळेत कुणी सांगत नाही.

बाप बैरामखान 1561 मध्ये पाटणला मारला गेला, तेव्हा हा चार वर्षांचा. अकबराने वाढवलं. पुढे गुजरात जिंकून दिला, बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत आणली. एवढ्या योग्यतेचा माणूस अडकला कशात? वारसांच्या भांडणात. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, आपल्या बापावर, जहांगीर बादशाहावर उलटला आणि म्हातारा रहीम त्याच्याबरोबर गेला. मग त्याने बादशाही सरदार महाबतखानाला गुपचूप लिहिलेलं पत्र पकडलं गेलं आणि खुर्रमनेच त्याला कैदेत टाकलं. पुढे बादशाहाच्या माणसांनी त्याच्या मुलाचं, दाराबखानाचं, शीर कापून बापाकडे पाठवलं. हे वाचताना मला आजही पुढची ओळ लवकर वाचवत नाही.

साहेबांचा मुलगा आणि पुतण्या, दोघांनाही तिकीट हवंय. एक तुला चहाला बोलावेल, दुसरा गाडीत शेजारी बसवेल. दोघांशी नीट वाग, पण याचं ऐकलेलं त्याच्या कानावर घालू नकोस. मोबाइलवर तर अक्षरही नको. रहीमच्या वेळी पत्र पकडायला घोडेस्वार लागायचे, आता स्क्रीनशॉट पुरतो.

भाषण मन लावून लिही. पाण्यावर, कापसाच्या भावावर, केळीच्या विम्यावर लिही. विरोधकाच्या घरच्या बायकांवर ओळ मागितली, तर सरळ नाही म्हण. नोकरी गेली तर जाऊ दे. त्यासाठीच पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जा.

एखाद्या रविवारी भुसावळहून गाडी धर, रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर. तिथला कुंडी भंडारा बघ. रहीमच्या काळात, 1615 मध्ये बांधलेला. सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर शहरात आणलंय. दरबारात राहूनही त्याला हे करता आलं, म्हणून तुला नोकरी सोड असं मी म्हणत नाही.

तुझ्या अहिराणी कविता मात्र साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीत जाऊ देऊ नकोस. मागितल्या तर आधी मला फोन कर.

तुझा,
मास्तर