वस्तीतल्या मंडळासाठी सीएसआर निधी: आधी बदल अर्ज बघा

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्च करायचा पैसा. त्यासाठी प्रस्ताव लिहायला बसण्याआधी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-1 चा, म्हणजे संस्थेच्या आणि विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा काढा. त्यावर जुनेच विश्वस्त दिसत असतील, तर गाडी तिथेच अडेल. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. मंडळं वर्षानुवर्षं देत नाहीत. मग ठरावावर सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, आणि कंपनी फाइल परत पाठवते.

कंपनीचा सीएसआर पैसा हवा तर 12ए (संस्थेला आयकरातून सूट), 80जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-1 (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) नोंदणी लागते, शिवाय तशाच कामाचा 3 वर्षांचा अनुभव. तुमचं मंडळ नवं आहे ना? मग जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या प्रकल्पात सहभागी व्हा. कमीपणा मानू नका. कामाची नोंद तिथूनच सुरू होते.

अंदाजपत्रकात 'अभ्यासिका: 2 लाख' असं मोघम लिहू नका. असं लिहा: शिक्षिकेचं मानधन 12,000 × 10 महिने = 1,20,000; खोलीभाडं 6,000 × 10 = 60,000; वीजबिल, वह्या, लेखापरीक्षकाची फी वेगळी. ही फी हमखास विसरली जाते आणि मार्चनंतर खिशातून भरावी लागते. भाड्याची पावती घरमालक देणार का, हे आधीच विचारून घ्या. वस्तीत बरेच जण देत नाहीत.

देणगीदारांना एवढं सांगा: 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर 80जी ची सवलत मिळत नाही. चेक किंवा यूपीआय घ्या, पॅन लगेच टिपून ठेवा.