यंदा निसेको थांबवा, फिजिओथेरपी थांबवू नका

प्रश्न: मी ३६ वर्षांचा आहे, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. हातात १ लाख २५ हजार येतात. पत्नी शाळेत शिक्षिका आहे, तिचा पगार ४५ हजार. मुलगी पाच वर्षांची. दर हिवाळ्यात मित्रांबरोबर स्नोबोर्डिंगला जायचो. गेल्या फेब्रुवारीत जपानमध्ये निसेकोला टेरेन पार्कमधल्या (उड्या आणि कसरतींसाठी बर्फाचे उंचवटे बांधलेल्या जागेतल्या) जंपवरून पडलो आणि कमरेचा पहिला मणका फुटला. साप्पोरोत शस्त्रक्रिया झाली, स्क्रू आणि रॉड टाकले. नशिबानं पायांतली ताकद शाबूत राहिली. ट्रॅव्हल पॉलिसीत विंटर स्पोर्ट्स वगळलेले होते, त्यामुळे क्लेम मिळाला नाही. परतीच्या प्रवासासह १६ लाख गेले. एफडी मोडल्या, पर्सनल लोन घेतलं. त्यातले ४ लाख २० हजार बाकी आहेत, व्याज १४ टक्के, ईएमआय साधारण २० हजार, २४ हप्ते उरलेत. होम लोनचा ईएमआय ४८ हजार. म्युच्युअल फंडात ११ लाख आहेत, २५ हजारांची एसआयपी चालू आहे, बचत खात्यात २ लाख १० हजार. आता तोच ग्रुप जानेवारीत पुन्हा निसेकोला चाललाय. खर्च सव्वातीन लाख, त्यातले ४० हजार डिपॉझिट मी भरलेत. बाकीचे फंडातून काढावेत आणि महिन्याचे आठ हजार जाणारी फिजिओथेरपी आता बंद करावी, असा विचार आहे. पत्नी या विषयावर बोलायलाच तयार नाही. बोर्ड हॉलमध्ये उभा आहे, मुलगी त्याला हात लावते तेव्हा मला उगाच राग येतो. जाऊ का, की बोर्ड विकून टाकू?

उत्तर: आधी थेट सांगतो. या जानेवारीत जाऊ नका, बोर्ड विकू नका, आणि फिजिओथेरपीचा एकही दिवस पैशांसाठी चुकवू नका. आता कारणं.

तुम्ही ट्रिपचा खर्च सव्वातीन लाख धरलाय. गेल्या वर्षीही असाच काहीतरी आकडा धरला असणार. प्रत्यक्षात १६ लाख गेले, आणि रजा संपल्यावर बिनपगारी गेलेले आठवडे त्यात मोजलेलेच नाहीत. ते दोन महिने जरी धरले तरी आणखी अडीच लाख होतात. म्हणजे एका जंपची किंमत तुमचा जवळजवळ पंधरा महिन्यांचा पगार. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. बर्फात जाणाऱ्या माणसाचं बजेट करताना तिकीट, हॉटेल आणि लिफ्ट पास यांच्याइतकंच ‘मी चार महिने कामावर गेलो नाही तर घर कसं चालेल’ हेही मांडावं लागतं. तो रकाना तुमच्याकडे आजही रिकामा आहे, आणि माझा विरोध तेवढ्यापुरताच आहे. तुमच्या छंदाला माझा आक्षेप नाही.

तो रकाना भरून बघू. होम लोनचा हप्ता ४८ हजार, तुमच्या आकड्यांवरून घरखर्च, शाळा, पेट्रोल वगैरे ६४ हजारांच्या घरात दिसतो, फिजिओ आठ हजार. झाले १ लाख २० हजार. तुमचा पगार थांबला तर पत्नीच्या ४५ हजारांतून दरमहा ७५ हजारांची तूट पडते. सहा महिन्यांसाठी साडेचार लाख हवेत. तुमच्याकडे २ लाख १० हजार आहेत. शिवाय आज त्यात पर्सनल लोनचा हप्ताही आहे, म्हणजे दुसऱ्यांदा काही झालं तर तीन महिनेही पुरणार नाहीत.

फंडातून पैसे काढायचेच असतील तर ट्रिपसाठी काढू नका, ते पर्सनल लोन संपवण्यासाठी काढा. उरलेल्या २४ हप्त्यांत तुम्ही व्याजापोटी सुमारे ६४ हजार भरणार आहात. शेअर बाजार पुढची दोन वर्षं खात्रीनं १४ टक्के देईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. कर्ज फेडलं की मात्र ती बचत नक्की. कराचं फार ओझं नाही. तुमच्या फंडाच्या किमतीत साधारण ४० टक्के नफा धरला, तर ४ लाख २० हजार काढताना नफा १ लाख ६८ हजार होतो. इक्विटी फंड वर्षभराहून जुना असेल तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, वरच्या ४३ हजारांवर साडेबारा टक्के. साडेपाच हजारांच्या आसपास कर. एसआयपीचे शेवटच्या बारा महिन्यांतले युनिट एक वर्षाचे झालेले नाहीत, त्यांच्यावर २० टक्के लागतो. पण फंडात आधी घेतलेले युनिट आधी विकले जातात, त्यामुळे एवढ्या रकमेला तुमचे जुनेच युनिट जातील. बँकेला फोरक्लोजर चार्जेस (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क) किती ते आधी लेखी विचारा आणि कर्ज बंद झाल्यावर एनओसी, म्हणजे आता काही देणं नाही असं बँकेचं पत्र, घ्यायला विसरू नका.

हप्ता सुटला की महिन्याला २० हजार मोकळे होतात. ते जसेच्या तसे लिक्विड फंडात किंवा स्वीप-इन एफडीत (बचत खात्याला जोडलेल्या, लागेल तेव्हा पैसे काढता येणाऱ्या एफडीत) टाका. साडेचार लाखांना २ लाख ४० हजार कमी पडतायत, म्हणजे बारा महिन्यांत भरतात. एसआयपी थांबवायची गरज नाही, पोटाला चिमटाही नाही. म्हणून मी तुम्हाला ‘कायमचं सोडा’ म्हणत नाही. यंदाचा जानेवारी सोडा, पुढच्या जानेवारीची तयारी करा, असं म्हणतोय.

आता फिजिओथेरपी. तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. वर्षाचे ९६ हजार वाचतात हे खरं. पण ज्या पाठीवर १ लाख २५ हजारांचा पगार उभा आहे, तिच्या देखभालीत हात आखडता घेऊन त्याच पाठीला जोखमीत टाकणाऱ्या ट्रिपला पैसे लावायचे, हा हिशेब दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. मणके स्क्रू-रॉडनं बांधले की त्यांच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर जास्त ताण येतो. तो ताण पेलायला पाठीचे आणि पोटाचे स्नायू लागतात, आणि ते स्नायू कमावण्याचं काम तुमची फिजिओथेरपिस्ट करते आहे. दिवसातले नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाला तर त्याची गरज बर्फावर जाणाऱ्यापेक्षाही जास्त. पैसे कमी करायचेच असतील तर तिलाच विचारा की आठवड्यातली किती सत्रं आता घरी करता येतील. तो निर्णय तिनं घ्यायचा, तुमच्या बजेटनं नाही.

वैद्यकीय परवानगी देणारा मी नाही. पण सर्जनकडे जाताना ‘जाऊ का?’ एवढंच विचारून परत येऊ नका. हाड पूर्ण जुळलंय का, स्क्रू काढायचे आहेत का आणि कधी, आणि मुख्य म्हणजे पुन्हा त्याच जागी आपटलो तर काय होऊ शकतं, हे विचारा. स्क्रू काढायचे ठरले तर ते आणखी एक ऑपरेशन, आणखी काही आठवड्यांची रजा. ते कॅलेंडरवर आलं की तुमचा जानेवारी कदाचित आपोआपच हलेल.

विम्याकडे येतो, कारण गेल्या वेळी घर तिथे हललं. भारतात मिळणाऱ्या बऱ्याचशा साध्या ट्रॅव्हल पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन ते कव्हर देतात, पण त्यातही बारीक अक्षरांत बरंच असतं: आखलेल्या पिस्टच्या (रिसॉर्टनं तयार केलेल्या घसरमार्गाच्या) बाहेर गेलात तर नाही, स्पर्धेत नाही, दारू प्यायलेले असाल तर नाही. निसेकोला डोंगरावरच्या गेटमधून बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, जाता येतं आणि तिथला ताजा भुसभुशीत बर्फ हेच तर त्या जागेचं आकर्षण. पण गेट ओलांडलं की बहुतेक पॉलिसी मागेच राहते. टेरेन पार्कमधले जंप कव्हरमध्ये आहेत का, हे स्वतंत्रपणे विचारावं लागेल. आणि एक नवी अडचण आहे: तुमचा मणका आता पॉलिसीच्या भाषेत ‘आधीपासूनचा आजार’ आहे. त्याच जागी काही झालं तर कंपनी पहिली तीच फाइल उघडेल. म्हणून प्रीमियम भरण्याआधी ईमेलवर सरळ लिहा: माझ्या एल-१ (कमरेच्या पहिल्या) मणक्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, मी अमुक ठिकाणी पिस्टवर स्नोबोर्डिंग करणार आहे, दुखापत झाल्यास हॉस्पिटल, डोंगरावरून बचाव आणि स्ट्रेचरवर भारतात परत आणण्याचा खर्च द्याल का? उत्तर लेखी आलं तरच पॉलिसी घ्या. स्ट्रेचरसाठी विमानात एका नव्हे, अनेक सीटचे पैसे लागतात, हे तुम्ही स्वतः भोगलंय.

घरच्या आरोग्यविम्याचं काय? तुमचा सगळा भरवसा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर दिसतो. नोकरी गेली की ती जाते. आता नवी पॉलिसी घेतलीत तर मणक्याच्या उपचारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. त्यामुळे दोन गोष्टी एकदम करा. एक वैयक्तिक फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच आरोग्य पॉलिसी) आत्ताच घ्या, म्हणजे ते ३६ महिने आजपासून मोजायला लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही. आणि एचआरकडे विचारून ठेवा की नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन कसं करायचं, कारण त्यात आधी काढलेल्या प्रतीक्षाकाळाचं श्रेय मिळतं. प्रस्तावात शस्त्रक्रिया लपवू नका. पाच वर्षांनंतर कंपनी माहिती दडवल्याचं कारण पुढे करू शकत नाही, फसवणूक सोडून. पण त्या पाच वर्षांत तुम्हाला क्लेमची गरज लागू शकते.

टर्म इन्शुरन्सबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. नसेल तर ट्रिपच्या आधी तो. फॉर्ममध्ये साहसी खेळांचा प्रश्न असतो, तिथे स्नोबोर्डिंग लिहा. प्रीमियम थोडा वाढेल, वाढू दे. सोबत पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी बघा, ज्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वासाठी दर आठवड्याला पैसे मिळतात. बुडालेला पगार अशाच पॉलिसीतून भरून निघतो. अर्थात तिच्यातही साहसी खेळ वगळलेत का ते वाचा. वगळलेले असले तरी ती घ्या; सिंहगड रोडवर बाइक घसरली तरी पगार थांबतोच.

पुढच्या हिवाळ्यात, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, पहिली खेप गुलमर्गला करा. तिथे काही झालं तर श्रीनगर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे आणि तुमची भारतातली आरोग्य पॉलिसी तिथे चालते. बहुतेक पॉलिसींत साहसी खेळांचा अपवाद व्यावसायिक खेळाडूंपुरता असतो, हौशी माणसाला तो लागत नाही. तरी तुमच्या पॉलिसीत एकदा तपासा. बोनस मिळत असेल तर खर्च त्यातून भागवा, फंडाला हात नको. मात्र गंडोलाचा (तिथल्या केबल कारचा) दुसरा टप्पा सोडून द्या. अफरवट डोंगराचे ते उतार जवळपास चार हजार मीटरवरून सुरू होतात, आखीव पिस्ट तिथे नाहीत, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. खालच्या सोप्या उतारावर, प्रशिक्षकासोबत, हेल्मेट आणि बॅक प्रोटेक्टर घालून आठवडा काढा. जंप नको. पाठ काय म्हणते ते कळेल, आणि पत्नीलाही दिसेल.

पत्नी बोलत नाही याकडे मी पैशाचा प्रश्न म्हणूनच बघतो. साप्पोरोहून फोन आला तेव्हा एफडी कुणी मोडल्या, कर्जाच्या कागदांची धावपळ कुणी केली, पाच वर्षांच्या मुलीला काय सांगितलं, हे सगळं बहुधा तिनं एकटीनं निभावलंय. तिच्यासमोर ट्रिपचं कोटेशन ठेवू नका. साडेचार लाखांच्या निधीचा हिशेब ठेवा, लोन बंद झाल्याची एनओसी ठेवा, विमा कंपनीची लेखी उत्तरं ठेवा. मग विचारा. तिचा नकार कायम राहिला तर तोही निर्णयाचा भाग धरा, कारण पुढच्या वेळीही ती धावपळ तिलाच करावी लागेल.

मुलीनं बोर्डला हात लावला की राग येतो, असं तुम्ही लिहिलंत. ते लिहिल्याबद्दल आभार, असं सांगणारे फार कमी असतात. ज्या गोष्टीत आपण चांगले होतो ती एका झटक्यात हातातून गेली, मित्र मात्र तिथेच जातायत, हे सोपं नाही. ट्रिप बुक करून ते मिटेल असं वाटतं, पण त्याच टेरेन पार्कच्या टोकाला उभं राहिल्यावर ते जास्तच वर येऊ शकतं. एखाद्या समुपदेशकाशी बोला. ओपीडीतलं समुपदेशन बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, त्यासाठी वेगळे पाच-सात हजार बाजूला ठेवा. तोवर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

राहिले डिपॉझिटचे ४० हजार. ते भरलेत म्हणून उरलेले २ लाख ८५ हजार भरायचे, हा विचार मनातून काढा. ग्रुपच्या मित्राला आजच फोन करा. तुमच्या जागी दुसरं कुणी येत असेल तर डिपॉझिट त्याच्या नावावर करून घ्या, नाहीतर हॉटेलच्या रद्द करण्याच्या अटी मागवून घ्या. जितक्या लवकर कळवाल तितके जास्त परत मिळण्याची शक्यता. जे मिळतील ते सरळ पर्सनल लोनच्या खात्यात भरा, फंडातून तेवढे कमी काढावे लागतील.