ओळ दाखव, मग उत्तर लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू सोडवून पाठवलेले इंग्रजीचे उतारे सगळे पाहिले. ‘रोज एक उतारा सोडवते, तरी गुण तिथेच अडकलेत, आता रोज दोन करू का?’ असं तू विचारलंयस. नको. उलट आठवड्याला दोनच कर आणि उरलेला वेळ त्याच दोन उताऱ्यांवर घालव. तुझं कुठे अडतंय ते तुझ्याच पानांवर दिसतंय, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

गांडुळांचा उतारा आठवतोय ना? गांडुळांना ऐकू येतं का, हे डार्विनने तपासून पाहिलं होतं, त्याचा. कुंड्यांतल्या गांडुळांपाशी शिट्टी वाजवली, बॅसून हे खर्जातलं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर दाबला, तशी ती झटकन बिळात शिरली. प्रश्न होता, या शेवटच्या प्रयोगातून काय कळतं? पर्याय चार: गांडुळांना संगीत आवडत नाही, गांडुळं मोठ्या आवाजाला घाबरतात, गांडुळांना आवाज ऐकू येत नसला तरी कंपनं जाणवतात, डार्विनने अनेक वर्षं गांडुळांचा अभ्यास केला. तू दुसऱ्यावर खूण केलीस.

का केलीस याचा अंदाज येतो. बिळात पळाली म्हणजे घाबरली, आणि सूर दाबल्यावर पळाली म्हणजे आवाजाला घाबरली, असं तुझ्या मनाने जोडून टाकलं. जोडण्यात काही वावगं नाही, अनुमानाचा प्रश्न जोडायलाच सांगतो. पण जोडलेलं उताऱ्याशी ताडून पाहायचं राहून गेलं. आवाजाचीच भीती असती, तर बॅसून वाजल्यावरच पळाली असती. तेव्हा ती हललीही नव्हती, हे दोन ओळी वर लिहिलंय. गंमत म्हणजे ती ओळ तुला कळली होती, कारण आधीच्या प्रश्नाचं उत्तर तू तिच्यातूनच बरोबर लिहिलंयस. म्हणजे इंग्रजी कच्चं म्हणून हा गुण गेला नाही. उत्तर सुचल्यावर तू मागे वळून पाहिलं नाहीस, म्हणून गेला. तुझ्या पानांवरच्या निम्म्याहून जास्त चुका याच जातीच्या आहेत आणि उतारे दुप्पट केल्याने त्या फक्त दुप्पट होतील.

म्हणून आजपासून एकच सवय लाव. प्रत्येक उत्तराशेजारी, ते उताऱ्यातल्या कुठल्या ओळीवर उभं आहे तो ओळीचा आकडा लिही. उतारा हातात घेतलास की समासात पाच-पाच ओळींवर आकडे टाकून ठेव, म्हणजे मोजत बसावं लागणार नाही. माहितीच्या प्रश्नाला बहुधा एकच ओळ सापडेल. अनुमानाच्या प्रश्नाला दोन किंवा तीन लागतील आणि त्या लांब लांबच्या असतील. शीर्षक विचारलं असेल तर प्रत्येक परिच्छेदातली एकेक ओळ दाखवता यायला हवी, नाहीतर ते शीर्षक एखाद्या परिच्छेदापुरतंच असतं. आकडा लिहिता येत नसेल तर ते उत्तर उताऱ्याचं नाही, तुझ्या डोक्यातलं आहे. कधीकधी तेही बरोबर निघतं आणि तेच फसवं. अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतल्या वाचनाच्या प्रश्नांवर १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना उतारा न देताच प्रश्न सोडवायला दिले होते, आणि निव्वळ अंदाजाने येतील त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त उत्तरं त्यांची बरोबर आली. तेव्हा उत्तरसूचीशी जुळलं म्हणून आकलन झालं असं धरून चालू नकोस. आकड्याविना आलेलं बरोबर उत्तर सरावापुरतं चूकच मोज.

आता पुन्हा त्या चार पर्यायांकडे ये. चौथा बघ. तो खरा आहे, पहिल्या परिच्छेदात तसं म्हटलंयसुद्धा. पण प्रश्न त्या प्रयोगाबद्दल आहे, म्हणून तो बाद. पहिला पर्याय कुणालाही गमतीदार वाटेल असा, पण आवडीनिवडीबद्दल उताऱ्यात अक्षर नाही. चुकीचे पर्याय असे ठरावीक रीतीने रचलेले असतात. एक खरा पण विचारल्याशी संबंध नसलेला. एकात उताऱ्यातलेच शब्द उचललेले, पण त्यांचा आपसातला संबंध उलटा केलेला. एकात ‘ऑल’, ‘ऑल्वेज’, ‘ओन्ली’ घालून साधं विधान फुगवलेलं. आणि एक, लोक एरवीही मानतात असा. बरोबर उत्तर मात्र बऱ्याचदा उताऱ्यातले शब्द टाळून तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतं, त्यामुळे ते परकं वाटतं आणि ओळखीच्या शब्दांचा पर्याय जवळचा वाटतो. सरावाच्या वेळी बरोबर पर्यायापेक्षा बाकीच्या तिघांवर जास्त वेळ दे. प्रत्येकाशेजारी, तो का पडतो ते चार शब्दांत लिही. कंटाळवाणं आहे, कबूल. पण माझ्या मते या परीक्षेच्या तयारीत याहून कामाचं दुसरं काही नाही.

उत्तरसूचीबद्दल एक. तू चूक निघाली की शेजारी लाल शाईने बरोबर अक्षर लिहितेस आणि पुढे जातेस. त्यातून हाती काहीच लागत नाही. सूची पाहताना फक्त कुठले प्रश्न चुकले तेवढंच कुणाकडून तरी खुणा करून घे, उत्तर पाहू नकोस. दुसऱ्या दिवशी तेवढेच प्रश्न पुन्हा सोडव. मग चुकीचं कारण एका वहीत लिही: शब्द माहीत नव्हता, वाक्याची रचना कळली नाही, ‘इट’ किंवा ‘धिस’ कशासाठी आलंय ते चुकलं, प्रश्नच नीट वाचला नाही, की मागे जाऊन पाहिलं नाही. ‘निष्काळजीपणा’ असं लिहायचं नाही. त्या शब्दावर काही इलाज करता येत नाही. थोड्याच दिवसांत एखादं कारण वारंवार येताना दिसेल. सराव त्याचा करायचा.

‘धिस’चं म्हणशील तर तो नेहमी आधीच्या एका शब्दासाठी येत नाही, कधी आधीचं अख्खं वाक्य त्यात असतं. बाण काढून जोडून पाहा.

शब्दांची धास्ती तू जरा जास्तच घेतली आहेस. हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांचा २००० सालचा एक अभ्यास आहे. मजकूर आधाराविना पुरेसा कळायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं त्यातून निघालं. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. साडेतीनशे शब्दांच्या उताऱ्यात सात झाले. याचा उपयोग असा कर: सरावाला उतारा घेताना न कळलेले शब्द मोज. सातआठ असतील तर शब्दकोश बंद ठेव, आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ लाव आणि शेवटी ताडून बघ. पंचवीस निघाले तर तो उतारा सध्या शब्द शिकायला वापर, आकलन जोखायला नको. पंचवीस खड्डे असलेल्या मजकुरावरून अंदाज बांधायला शिकता येत नाही, तिथे नुसती ठोकाठोकी होते.

पण सोपे वाटणारे छोटे शब्द मात्र अंदाजावर सोडू नकोस. ‘अनलेस’, ‘ऑल्दो’, ‘हार्डली’, ‘नॉट अनटिल’, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. हे वाक्याची दिशाच फिरवतात आणि प्रश्न बरोबर त्याच वळणावर विचारलेला असतो. तू ‘हार्डली एनी’वर दोन उताऱ्यांत दोनदा घसरली आहेस.

लांब वाक्यांत तू हरवतेस, त्याचं कारण मला वाटतं आपल्या भाषेच्या सवयीत आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, आपण निवांत वाट पाहतो. इंग्रजीत कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एखादं अख्खं उपवाक्य घुसतं आणि आपण त्यातलंच क्रियापद पकडून बसतो. ‘द वर्म्स दॅट हॅड इग्नोअर्ड द व्हिसल अँड द बॅसून रिट्रीटेड ॲट वन्स.’ इथे तू ‘इग्नोअर्ड’पाशी थांबलीस आणि ‘रिट्रीटेड’ कुणाला जोडायचं ते कळेना. असं वाक्य आलं की पेन्सिलीने ‘दॅट’पासूनचा तुकडा कंसात टाक आणि बाहेर काय उरतं ते वाच. गांडुळं शिरली, बस. कंसातलं नंतर आत घ्यायचं.

आता जे ऐकून तुला बरं वाटेल ते. मराठीत वाचलेलंही इथे उपयोगी पडतं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचा एक मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. उताऱ्यांचे विषय फिरून फिरून तेच असतात: प्राणी आणि पर्यावरण, शोधांच्या कथा, आरोग्य, प्रवास, कुणाचं तरी चरित्र. या विषयांवर कुठल्याही भाषेत रोज थोडं वाच. प्रवाळ म्हणजे काय, लस कशी काम करते, हे आधी ठाऊक असलं की इंग्रजी वाक्य अर्धं सुटलेलं असतं. अर्थात इथेही ओळीच्या आकड्याची शिस्त सोडायची नाही, कारण विषय माहीत असला की माणूस उतारा सोडून आपलंच लिहायला लागतो.

वेळेचा धसका तूर्त बाजूला ठेव. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा की इंग्रजी वाचणारी प्रौढ माणसं माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगाने वाचतात. तू निम्म्या वेगाने वाचलंस तरी ३६० शब्दांचा उतारा तीन मिनिटांत संपतो, दोनदा वाचलास तरी सहा मिनिटं. तुझा वेळ वाचण्यात जात नाही, अर्धवट वाचून मग उत्तरं हुडकण्यात जातो. नजर मागे जाते म्हणून आपण मंद, असंही समजू नकोस. सराईत वाचकाची नजरही दहा-पंधरा टक्के वेळा मागे जातेच. वेग वाढवायच्या जाहिराती पाहून पैसे घालवू नकोस. घड्याळ लावून सराव परीक्षेच्या आधीच्या महिन्यात कर, आत्ता नको.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर शिक्षकांत वाद आहेत. माझं मत असं, की प्रश्न एकदा भराभर वाचावेत, पर्याय अजिबात वाचू नयेत आणि मग उतारा सलग, न थांबता पूर्ण वाचावा. पर्याय आधी वाचले की उताऱ्यात नसलेल्या गोष्टीही दिसायला लागतात.

लिहायच्या उत्तरांचं थोडक्यात. दोन गुणांना दोन मुद्दे. उताऱ्यात लेखक ‘आय’ म्हणत असेल तर उत्तरात ‘ही’ किंवा ‘शी’ कर, काळ सांभाळ. अख्खा परिच्छेद उतरवून ठेवलास तर उत्तर त्यात आहे की नाही ते तपासणाऱ्याने शोधायचं का? आणि स्वतःचं मत विचारलेल्या प्रश्नाला मत पहिल्या वाक्यात दे, कारण दुसऱ्यात.

या आठवड्यात नवा उतारा घेऊ नकोस. गांडुळांचाच पुन्हा काढ, सगळ्या उत्तरांशेजारी ओळींचे आकडे टाक, बाद पर्यायांशेजारी कारणं लिही आणि ते पान मला पाठव. गुण कळवायची गरज नाही. जिथे आकडा सापडला नाही तिथे नुसतं प्रश्नचिन्ह कर. ते आपण बोलूच.

तुझ्या,
बाई