ढोलकी वाजली की आवाज का फाटतो?

प्रश्न: यूएसबीवाला एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावून रेडिओ ऐकायचा) घेतलाय. पुण्याचं विविध भारती, १०१ मेगाहर्ट्झ, लावलं तर निवेदक बोलतो तोवर बरं, पण लावणीत ढोलकी सुरू झाली की आवाज पार फाटतो. मोड एनएफएम (अरुंद एफएम), बँडविड्थ, म्हणजे फिल्टर आत घेतो त्या पट्ट्याची रुंदी, १२.५ किलोहर्ट्झ. डोंगल खराब आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर: डोंगल ठणठणीत आहे हो, मोड चुकलाय! एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी स्टेशनची फ्रिक्वेन्सी मधल्या जागेपासून लांब सरकते, आणि रेडिओ स्टेशनला दोन्हीकडे ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकायची मुभा असते. तुमचा फिल्टर एकूण साडेबाराचा, म्हणजे मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना फक्त सव्वासहा. निवेदक हळू आवाजात बोलतो तोपर्यंत कसंबसं मावतं, ढोलकीची थाप पडली की सिग्नल फिल्टरच्या बाहेर जातो आणि जे बाहेर गेलं तेच तुम्हाला फाटल्यासारखं ऐकू येतं. डब्ल्यूएफएम (रुंद एफएम) मोड लावा, बँडविड्थ १८०-२०० किलोहर्ट्झ ठेवा, झालं.

१८० कुठून आले? सरकणं ७५, त्यात आवाजाची सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी १५ मिळवायची आणि दुप्पट करायची. कार्सनचा नियम म्हणतात याला, अंदाजाला पुरतो.

आता उलटं पण करून बघा, म्हणजे नीट डोक्यात बसेल. अंतराळ स्थानकावरचे हॅमवाले (हौशी रेडिओवाले) १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतात, तिथे सरकणं जेमतेम ५ किलोहर्ट्झ. तोच हिशोब, ५ अधिक बोलण्याची वरची फ्रिक्वेन्सी ३, दुप्पट १६. तिथे डब्ल्यूएफएम लावलंत तर बोलणं मुंगीएवढं आणि खरखर डोंगराएवढी, कारण २०० किलोहर्ट्झ उघडे ठेवले की तेवढ्या सगळ्या पट्ट्यातला नॉइज आत येतो. स्थानक डोक्यावरून जाताना डॉप्लरमुळे (ते वेगाने जवळ येतं, मग लांब जातं म्हणून) फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे होते, म्हणून फिल्टर १६ च्या खाली घट्ट आवळू नका, नाहीतर परत तीच ढोलकी. विमानांचा बँड मात्र एएम (तिथे फ्रिक्वेन्सी नाही, सिग्नलची ताकद बदलते), तिथे एफएम लावून डोकं खाजवत बसू नका (मी बसलोय, आख्खा रविवार).

आणि लांबचं एफएम स्टेशन खरखरत असेल तर आधी स्टिरिओ बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच खरखर निम्म्यावर येते. शेजारचं स्टेशन घुसत असेल तर बँडविड्थ १२० पर्यंत उतरवून बघा, गाणं जरा खरवडल्यासारखं होईल पण बातम्या स्वच्छ येतात.