पहिली गोधडी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या बायकांना दाखवायला आणणार ना?

अगं, मग पहिल्यांदाच मोठी धरू नकोस. घरातलं जुनं सुती नऊवारी लुगडं घे. चौपदरी केलं की लांबी सव्वादोन वार, म्हणजे साधारण दोन मीटर भरते. एका माणसाला पुरे. आत जॉर्जेट-नायलॉन घालू नकोस, थर सरकतात. वरचे तुकडे नवे असतील तर आधी धुऊन घे, नाहीतर ते नंतर आटतात आणि गोधडी आखडते. लाल कापड तर वेगळं भिजवून बघच. माझ्या पहिल्या गोधडीत लाल खणाने पांढरं धोतर गुलाबी करून टाकलं होतं!

थर जमिनीवर ताणून पसर, कडांना वरवंटा, पाटा काहीही ठेव, आणि कच्चे टाके घालून घे. याचा कंटाळा येतो, पण इथे घाई केलीस की मधे फुगवटा आलाच. मग कडेने धावदोरा घालत आत ये. दोरा हातभरच घे, लांब दोऱ्याला गाठी पडतात.

आणि हो, गोधडी खाटेवर टाकली की आपल्या बायका आधी उलटी बाजू बघतात. गाठी थरात दडव. टाके वाकडे असले तरी आण, माझेही अजून वाकतात.