रुपया ‘गडगडला’ म्हणजे नेमका किती?

प्रश्न : रुपया पंचवीस पैशांनी उतरला की पहिल्या पानावर ‘रुपया गडगडला’. तेवढाच चढला की आतल्या पानावर दोन ओळी. आमची केळी दुबईला जातात. बातमीतलं खरं-खोटं पारखायचं कसं? – केळी उत्पादक, रावेर

उत्तर : आधी पैशांचे टक्के काढा. डॉलर 85 रुपयांना असेल तर 25 पैसे म्हणजे जेमतेम 0.3 टक्के. गडगडणं 6 जून 1966 चं! सरकारने डॉलर 4.76 वरून थेट 7.50 रुपयांवर नेला. त्यातही मेख आहे. डॉलर 57.5 टक्क्यांनी महागला असं लिहा, नाहीतर रुपयाची किंमत 36.5 टक्क्यांनी घटली असं लिहा, हिशेब दोन्हीकडून बरोबर. मथळ्यात कोणता आकडा घेतलाय, त्यावरून लिहिणाऱ्याचा कल कळतो.

मग बाकीची चलनं बघा. जुलै 2022 मध्ये डॉलर 80 ला टेकला, तेव्हा सगळीकडे रुपयाच्या नीचांकाची ओरड होती. पण जानेवारीत 84 च्या आसपास असलेला युरो जुलैत 81 च्या घरात आला होता. म्हणजे डॉलरच सगळ्यांना भारी पडत होता. हे वाक्य बातमीत असलंच तर शेवटच्या परिच्छेदात सापडतं.

‘निर्यातदारांची चांदी’ हा मथळाही तितकाच एकांगी. केळीला भरपूर लागणारं पोटॅश खत आपण बाहेरूनच आणतो, त्याचं बिल डॉलरमध्येच.

तुमच्यासाठी दुबईचं चलन, दिरहम, वेगळं बघायची गरज नाही. ते 1997 पासून एका डॉलरला 3.6725 दिरहम या दराने बांधलेलं आहे. मात्र पेपरातला दर बँकांच्या आपसातल्या व्यवहाराचा असतो, तुम्हाला मिळतो तो बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे परदेशातून खात्यावर आलेले डॉलर बँक ज्या दराने तुमच्याकडून घेते तो. दहा हजार डॉलरच्या बिलावर बातमीतले 25 पैसे म्हणजे अडीच हजार रुपये. बँकेने डॉलरमागे 50 पैसे कापले तर पाच हजार गेले, आणि ते कुठल्याच पेपरात छापून येत नाही. दुपारी दीडच्या सुमारास संदर्भ दर, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारातल्या व्यवहारांवरून काढलेला डॉलरचा दर, जाहीर होतो. तो समोर ठेवून त्याच वेळी बँकेला फोन करा आणि फरक पैशांत विचारा.

प्रश्न : ‘रुपया घसरल्याने सोने महाग’ हे दरवेळी खरं असतं का? – वाचक, जळगाव

उत्तर : नाही. आदल्या दिवशीचा आणि आजचा औंसाचा डॉलरमधला भाव ताडून बघा. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. हा भाव 2 टक्के वाढला आणि रुपया पाव टक्का उतरला, तर दोष रुपयाच्या माथी मारू नका. आयात शुल्क बदललं असेल तर तेही वेगळं काढा.