खडी घरचीच, पण कशासाठी?

प्रश्न : विश्रामबागेत आमचा १९८१ सालचा दोन मजली आरसीसी बंगला आहे, शेजारी चुलत भावाचा तसाच. दोन्ही पाडून एकच इमारत बांधायची आहे. कंत्राटदार म्हणतो, फिरता क्रशर जागेवरच आणू, राडारोडा तिथंच फोडू, खडी विकत घ्यायची गरजच नाही. ती खडी कॉलमला चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॉलमला नको. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं मानक २०१६ साली सुधारलं, तेव्हा जुन्या काँक्रीटच्या खडीला त्यात जागा मिळाली. सळईच्या कामात एम २५ पर्यंत (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) जाड खडीच्या २० टक्के, बिनसळईच्या कामात २५ टक्के आणि एम १५ पेक्षा हलक्या पीसीसीत, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये, शंभर टक्के. म्हणजे कागदावर तुमच्या कॉलमलाही थोडी चालेल. पण ती सवलत तपासलेल्या खडीला आहे आणि घरगुती कामावर कोणी लॅबमध्ये नमुने पाठवलेले मी तरी पाहिले नाहीत. पायाखालचं पीसीसी, प्लिंथची (जोत्याची) भरणी, पार्किंगखालचं सोलिंग (दाबून बसवलेला दगडांचा थर), एवढ्यासाठी मात्र ती खुशाल वापरा.

क्रशर परवडेल का, हे बघा. पाडकामात चौरस मीटरला ३०० ते ५०० किलो राडारोडा धरतात. तुमचे दोन्ही बंगले मिळून ४५० चौरस मीटर भरले, तर १३५ ते २२५ टन. ब्रासला (शंभर घनफुटाला) चार टन धरले, तरी साधारण पस्तीस ते पंचावन्न ब्रास. एवढ्याचा मध्यम जॉ क्रशर एक-दोन दिवसांत फडशा पाडतो, पण त्याला ट्रेलरवर आणायचं, पोकलेननं भरवायचं आणि परत पाठवायचं भाडं माल कितीही असला तरी तेवढंच लागतं. म्हणून कंत्राटदाराला विचारा, दर ब्रासवर आहे की दिवसावर? जवळपास आणखी कोणाचं पाडकाम निघतंय का? दोघातिघांत मशीन आलं तर गणित जमतं.

आणि तोडण्याआधी वेगळं करा. मिरजेत एका जुन्या गोदामाचं पाडकाम माझ्याकडे होतं. घाई होती. स्लॅब, विटा, गिलावा, माती सगळं क्रशरच्या एकाच हॉपरात (माल ओतायच्या तोंडात) ओतलं. निघाला तो लालसर भुगा. दिसायला मुरमासारखा, म्हणून तोच पार्किंगखाली दाबला. पहिल्याच पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचले आणि सगळं उकरून पुन्हा भरायचा खर्च माझ्या खिशातून गेला. चूक मशीनची नव्हती, माझी होती.

म्हणून आधी माणसं लावून दारं, खिडक्या, वायरिंग, फरशा, पीओपी काढून घ्या. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव फार, ते न फोडता अख्खे बाजूला ठेवा. मग ब्रेकरनं स्लॅब-बीमचे तुकडे करायचे आणि लांब सळया गॅस कटरनं कापायच्या. क्रशरच्या पट्ट्यावरचं चुंबक बारीक तुकडे उचलतं, लांब सळई मात्र पट्टाच फाडते. भिंतींच्या विटांचा ढीग वेगळा. त्यांची खडी पीसीसीपलीकडे वापरू नका. पाण्याचे फवारे चालू ठेवायला सांगा, नाहीतर शेजारी पहिल्याच दिवशी काम बंद पाडतील.

या खडीला जुना सिमेंटचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. ढीग आदल्या रात्री भिजवला नाही, तर पीसीसी अर्ध्या तासात ताठ होतं. मग गवंडी वरून पाणी ओततो आणि तिथंच ताकद जाते.

उरलेलं ट्रॅक्टरवाल्याला ‘कुठंही टाक’ म्हणून देऊ नका. ते ओढ्यातच जातं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिलेत, ओढे बुजवून पुन्हा तक्रार कसली करायची? पाडकामाआधी महापालिकेत नोंद करून कुठं टाकायचं ते लिहून घ्या.

प्रश्न : क्रशरखाली पडणारी बारीक पावडर गिलाव्याला वापरता येईल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. तिच्यात जुना गिलावा आणि माती असते, भिंतीला तडे जातील. पेव्हर ब्लॉकखाली अंथरा, तेही विटांची नसेल तरच.